लेन्ससाठी मल्टिपर्पज की पेरॉक्साइड?

रोज कॉन्टॅक्ट लेन्सची नवी जोडी घालून रात्री फेकून देणाऱ्यांनी हे वाचायचं कारण नाही. त्यांची कटकट मिटलेली आहे, खिसा तेवढा हलका होतो. प्रश्न आहे तो तीच जोडी महिनाभर सांभाळणाऱ्यांचा: रोज रात्री लेन्स स्वच्छ करायला मल्टिपर्पज द्रावण घ्यायचं की हायड्रोजन पेरॉक्साइडचं?

सोयीच्या बाबतीत मल्टिपर्पजला तोड नाही. चोळायला, धुवायला, बुडवून ठेवायला एकच बाटली. भरदुपारी डोळ्यात कण गेला तर लेन्स काढा, त्यानेच धुवा, पुन्हा घाला. पेरॉक्साइडमध्ये हे चालत नाही. ३ टक्क्यांचं ते द्रावण थेट डोळ्यात गेलं तर जीव नकोसा होईल इतकं झोंबतं. डबीतली प्लॅटिनमची चकती बुडबुडे काढत त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करते, पण त्यासाठी साधारण ६ तास द्यावेच लागतात. तोवर लेन्स अडकल्या. घरात आणखी कुणी लेन्स वापरत असेल तर ही बाटली वेगळ्या फळीवरच ठेवा.

तरीही मी पेरॉक्साइडकडे वळलो, ते संध्याकाळमुळे. मल्टिपर्पजवर असताना सकाळी लेन्स घातल्याचं जाणवायचंही नाही. दिवस कलला की स्क्रीनसमोर डोळे कोरडे पडायचे, पापणी मिटताना लेन्सची कड लागायची, आणि हात आपोआप डोळ्याकडे जायचा. थेंब घातले की थोडा वेळ बरं वाटायचं, पुन्हा तेच. मल्टिपर्पजमधलं जंतुनाशक काही लेन्समध्ये थोडं मुरतं आणि घातल्यावर डोळ्यात उतरतं. काहींना ते सोसत नाही, बहुधा मी त्यातला. पेरॉक्साइडमध्ये सकाळी डबीत उरतं ते जवळजवळ मिठाचं पाणी. आता संध्याकाळी लेन्स आहेत याचा विसर पडतो. अर्थात लेन्स कोणत्या मटेरियलची यावरही हे अवलंबून असावं, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. त्रासच नसेल तर मुद्दाम बदलू नका.

जंतू मारण्यात पेरॉक्साइड जोरकस, पण चकतीमुळे तो जोर लवकर ओसरतो. त्यामुळे कवचात दडलेला अकँथमिबा (डोळ्याला संसर्ग करणारा, पाण्यात आढळणारा सूक्ष्मजीव) मरेलच याची हमी त्यातही नाही. नळाचं पाणी लेन्सला किंवा डबीला लावायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच. मल्टिपर्पजवाल्यांनी कालच्या द्रावणात आजचं ओतून भागवू नये. २००६ मध्ये फ्युजेरियम बुरशीच्या संसर्गांनंतर एक मल्टिपर्पज सोल्यूशन बाजारातून मागे घ्यावं लागलं होतं. त्या चौकशीत ही सवयही पुढे आली होती.

पेरॉक्साइडची आणखी एक अट: त्याचीच डबी हवी, कारण झाकणाला वायू बाहेर पडायला भोक असतं. साध्या डबीत चकती नसते, म्हणजे सकाळीही पेरॉक्साइड तसंच. शिवाय एकदा पेरॉक्साइडचं पाणी झालं की त्यात जंतुनाशक उरत नाही, त्यामुळे लेन्स बरेच दिवस पडून राहिल्या तर घालण्याआधी पुन्हा नव्या द्रावणाचा एक फेरा. उशिरा झोपून पहाटे उठणाऱ्यांना मात्र हे जड जाईल. ६ तास भरले नसतील तर त्या दिवशी चष्मा.