नवी पेठेतील छपाई आणि बाइंडिंग: मजकूर ठसठशीत, छायाचित्रे काळवंडलेली

अमेरिकेत महामंदीच्या काळात उभ्या राहिलेल्या ‘कॅम्प रूझवेल्ट’ या श्रमछावणीचा इतिहास मी पीडीएफवरून नवी पेठेतील एका झेरॉक्सच्या दुकानात छापून आणि बांधून घेतला. माझे वडील बहात्तरच्या दुष्काळात बंडिंगच्या, म्हणजे शेतात बांध घालण्याच्या कामावर मुकादम होते, त्यामुळे हा विषय मला परका नाही, आणि असे वाचन पडद्यावर माझ्याने होत नाही.

मजकुराच्या छपाईत नाव ठेवण्यासारखे काही नाही. अक्षर ठळक आहे, कागद जाड आहे, मागच्या पानाची शाई पुढे उमटत नाही. १७ एप्रिल १९३३ रोजी व्हर्जिनियाच्या जंगलात ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ या बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेची ही पहिली छावणी तंबूंत सुरू झाली, जेवण, कपडे आणि शिस्त लष्कराकडे, तर झाडे लावणे, रस्ते काढणे, वणवे विझवणे ही कामे वनखात्याकडे, अशी विभागणी होती. महिन्याच्या ३० डॉलर मजुरीपैकी साधारण २५ डॉलर परस्पर घरी जात, या ओळीवर मी बराच वेळ थांबलो. आपल्याकडे दुष्काळी कामांवर मजुरी तिथेच हातात पडे आणि घरचे सगळेच तिथे असत, तान्हे मूलसुद्धा लिंबाला बांधलेल्या झोळीत. तिकडे मात्र सुरुवातीला मुख्यतः अठरा ते पंचवीस वयाची अविवाहित मुले घेतली जात. काळ्या मुलांना बहुतेक ठिकाणी वेगळ्या छावण्यांत ठेवले जाई, हेही विसरता येणार नाही. योगायोग असा की, सोलापुरातले कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्रही १९३३ सालचेच.

तक्रार आहे ती छायाचित्रांविषयी. ओघळीत घातलेल्या दगडी बांधाचे एक छायाचित्र मला मुद्दाम पाहायचे होते; दगड कोरडे रचले आहेत की चुन्यात, एवढेच तपासायचे होते. हाती आला तो काळा ठिपका, ज्यात दगड कोठे संपतो आणि सावली कोठे सुरू होते ते कळेना. छावणीचा नकाशा तर लहान करून असा बसवला की, मधला रस्ता शिवणीतच गडप झाला. अशा इतिहासात चित्रे शोभेची नसतात. बांध कसा घातला ते शब्दांपेक्षा तीच अधिक सांगतात.

दुकानदारांनी वाद घातला नाही. त्यांनी ती पाने चांगल्या यंत्रावर पुन्हा काढून दिली, पैसे घेतले नाहीत. शिवण उसवणे मात्र शक्य नसल्याने ती सुटीच आत ठेवावी लागली. बांध कोरडाच रचलेला आहे, हे त्यातून स्पष्ट दिसले.

केवळ मजकूर छापायचा असेल, तर येथे निर्धास्त जावे. चित्रे किंवा नकाशे असतील, तर बांधणीआधी एक पान नमुन्याला काढून पाहावे आणि शिवणीच्या बाजूला बोटभर जागा सोडायला सांगावी. पाचपैकी साडेतीन गुण.