पेको स्ट्रीमलाइनचे सांधे: यार्डासाठी लहान, मध्यम की मोठा?

मॉडेल रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या पेको कंपनीच्या स्ट्रीमलाइन कोड 100 आणि कोड 75 रुळांत (आकडा रुळाच्या उंचीचा, इंचाच्या हजारांशात) एचओ (1:87) आणि ओओ (1:76) या प्रमाणांसाठी साधे सांधे, म्हणजे एका मार्गाचे दोन फाटे करणारे तुकडे, तीन आकारांत मिळतात. लहान 185 मिमी लांब, त्रिज्या 610 मिमी. मध्यम 219 आणि 914. मोठा 258 आणि 1524. जागेची चणचण असते म्हणून यार्डासाठी सर्रास लहान घेतले जातात. हिशेब मांडला तर त्यात फारसं काही वाचत नाही.

तिन्हींत फाटा वळण्याचा कोन एकच आहे, 12 अंश. यार्डाच्या तोंडाशी सांधे तिरक्या ओळीत एकापुढे एक लावले, की दोन सांध्यांमधलं अंतर शेजारच्या मार्गांमधल्या अंतरावर ठरतं. मध्यरेषा 51 मिमीवर ठेवल्या तर ओळीत दर 245 मिमीला एक सांधा येतो. मध्यमपुढे 26 मिमीचा सरळ तुकडा जोडायचा, लहानपुढे 60 मिमीचा. म्हणजे पाच मार्गांच्या, चार सांध्यांच्या यार्डात लहान वापरून एकूण बचत फक्त 34 मिमी! तेवढ्यासाठी 914 च्या त्रिज्येवरून 610 वर उतरणं परवडत नाही. मोठा मात्र 245 मध्ये मावत नाही, त्यासाठी मार्ग 54 मिमीवर न्यावे लागतात. डबे बोटांनी उचलायचे असतील तर ते एका परीने बरंच.

लहान सांध्यावर चारचाकी वाघिणी आणि छोटं शंटिंग इंजिन आरामात चालतं. अडचण लांब डब्यांची. भारतीय रेल्वेचा एलएचबी प्रवासी डबा 23.54 मीटरचा, एचओमध्ये सुमारे 27 सेंमी. दुसऱ्या मार्गावर जाताना तो डावीकडे वळतो आणि लगेच उजवीकडे, मधे सरळ रूळ जेमतेम. कपलिंगं विरुद्ध बाजूंना ओढली जातात आणि रेक मागे ढकलताना डबा रुळावरून उतरतो. प्रवासी डबे उभे करायचे असतील तर निदान पहिले दोन सांधे मोठे असू द्या. (भारतीय रेल्वेच्या मालयार्डात 1:8.5 चा सांधा असतो, कोन 6.7 अंश. पेकोचा मोठाही त्यापुढे बराच तिखट.)

खरेदी करताना हात, म्हणजे सांधा डावीकडे फुटतो की उजवीकडे, तपासा. पहिला सांधा डावा असेल तर पुढचे तीन उजवे लागतात आणि शेवटच्या मार्गाला 12 अंशांचा वाकडा रूळ. कोड 100 च्या इन्सुलफ्रॉग प्रकारात मध्यम उजवा एसएल-95, डावा एसएल-96.

फ्रॉग म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात ती जागा. इन्सुलफ्रॉगचा प्लास्टिकचा फ्रॉग निर्जीव (वीज नसलेला) असतो, आखूड इंजिन हळू नेलं की त्यावर अडकतं. फ्रॉगच्या टोकाशी दोन विरुद्ध ध्रुवांचे रूळ जवळ येतात, रुंद चाक दोन्हींना टेकलं की शॉर्ट. तिथे रुळांच्या माथ्यावर काही मिमी नेलपॉलिश लावलं की भागतं. डीसीवर, म्हणजे साध्या बिनडिजिटल पुरवठ्यावर, इन्सुलफ्रॉग सोयीचाही आहे: वीज फक्त निवडलेल्या मार्गाला जाते, बाकीची इंजिनं उभी राहतात. मात्र पात्याचा (सांध्यातल्या हलणाऱ्या रुळाचा) संपर्क धुळीने तुटला की अख्खा मार्ग मेला.

दुसरा प्रकार इलेक्ट्रोफ्रॉग, त्यात फ्रॉग धातूचा आणि वीज असलेला; त्यावर इंजिन अडखळत नाही. पण फ्रॉगपुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जोड (एसएल-11) लावायलाच हवेत, नाहीतर दुसऱ्या बाजूने वीज आली की शॉर्ट. फ्रॉगचा ध्रुव बदलायला सांधा हलवणाऱ्या पीएल-10 मोटरवर पीएल-13 स्विच बसवा, नुसत्या पात्यावर विसंबू नका. पीएल-10 ला वीज क्षणभरच द्यायची. बटण दाबून ठेवलं तर कॉइल जळते. हळू चालणारी मोटर किंवा सर्व्हो लावणार असाल तर सांध्यातली स्प्रिंग आधी काढा.

मालयार्डासाठी मध्यम इलेक्ट्रोफ्रॉगच घ्यावेत. लहान फक्त इंजिन शेडच्या आखूड फाट्यांना.