नायलॉन पट्टी, फेल्ट, रबर कापायला काय घ्यावं: हॉट नाइफ, लेझर की अल्ट्रासोनिक?

चाकणच्या गाड्यांसाठी कार्पेट, फेल्ट किंवा नायलॉनची पट्टी कापून देणाऱ्या भोसरीतल्या छोट्या शेडला आज ना उद्या हा निर्णय घ्यावाच लागतो. माझं मत आधीच सांगतो: माल नायलॉन, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असेल आणि कड उघडी राहणार असेल, तर अल्ट्रासोनिक, म्हणजे अतिवेगाने कंप पावणाऱ्या पात्याचं मशीन, घ्या. बाकी मालासाठी घाई नको.

हॉट नाइफ म्हणजे विजेने तापवलेलं पातं. ते स्वस्त आहे, नवा पोरगाही दिवसात शिकतो. पण त्यावर कापलेल्या पट्टीच्या कडेवरून बोट फिरवून बघा. वितळून गोठलेली टणक गाठ लागते, रंग करपतो, आणि बकलमधून ओवताना नेमकी तीच गाठ अडते. शेडभर धूर होतो तो वेगळाच.

अल्ट्रासोनिकचं पातं बाहेरून तापवलेलं नसतं. जनरेटर 50 हर्ट्झची वीज 20 ते 40 किलोहर्ट्झवर नेतो, पिझो ट्रान्सड्यूसर तिचं कंपन करतो, बूस्टर आणि हॉर्न हे धातूचे भाग ते कंपन वाढवून पात्यापर्यंत पोचवतात. टोक हलतं मायक्रॉनमध्ये मोजावं इतकंच. उष्णता फक्त कापाच्या रेषेवर तयार होते, म्हणून कड पातळ आणि गुळगुळीत बंद होते. सुती कापड मात्र वितळत नाही, त्यामुळे त्याची कड बंद होत नाही. कच्चं रबर आणि न शिजवलेला कार्बन प्रीप्रेग (रेझिनने भिजवलेलं कार्बन फायबरचं कापड) यांत फायदा वेगळा: चिकट माल पात्याला धरत नाही, जोरही कमी लागतो. शिजवून कडक झालेल्या कंपोझिटला वॉटरजेट (जोरदार पाण्याच्या धारेने कापणारं मशीन) किंवा डायमंड टूलच हवं.

रोज नवा आकार येत असेल तर लेझर सोयीचा, फाइल बदलली की झालं. पण फेल्टची कड काळवंडते. आणि बहुतेक रेक्झिन पीव्हीसीचं असतं, ते लेझरखाली कधीही घालू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो कामगाराची फुप्फुसं आणि मशीन दोन्ही खातो. एकाच आकाराचे हजारो तुकडे हवे असतील आणि कड शिलाईत जाणार असेल, तर साच्याच्या पात्याने दाबून तुकडे पाडणारी साधी डाय-प्रेसच पुरते.

अल्ट्रासोनिकचा खरा खर्च खरेदीनंतर कळतो. हॉर्न आणि पातं ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवलेलं असतं. शेजारच्या ग्राइंडरवर पातं घासून आणलं की लांबी बदलते, जुळणी बिघडते आणि जनरेटर ओव्हरलोड दाखवतो. पात्याचा बोल्टही टॉर्क रेंचनेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच, आवळायचा. म्हणून पुरवठादाराला आधी हे विचारा: जादा पाती पुण्यात स्टॉकला आहेत का, जनरेटर दुरुस्त कोण करतं? ट्रायलला त्यांचा नमुना नको, आपला रोल न्या. रोजच्या वेगाने दोन-तीन तास सलग चालवा, कारण ट्रान्सड्यूसर तापल्यावरच दोष दिसतात. 20 किलोहर्ट्झच्या मशीनचा कर्कश आवाज कानाला बाधतो, तेव्हा ऑपरेटरच्या इअरमफचे पैसे त्याच कोटेशनमध्ये धरा.