आळ, ठपका, खापर: शिकागोच्या फुकट कोशांची कसोटी

कोश चांगला की वाईट हे ठरवायला सोपे शब्द घेऊन उपयोग नाही. दुसऱ्यावर दोष टाकण्याचे शब्द घ्यावेत. मराठीत ते ढिगाने आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही: दोष, आळ, ठपका, खापर, बोल, बालंट, कुभांड, तोहमत, ताशेरे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा कोश (1857 ची दुसरी आवृत्ती) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही फुकट पाहता येतात. नाव नोंदवायची भानगड नाही. हे परीक्षण या दोघांपुरतंच.

आधी मोल्सवर्थ. दीडशेहून जास्त वर्षांचा, तोही मराठी-इंग्रजी, म्हणून लोक बाजूला टाकतात. पण हवी असलेली एक गोष्ट तोच नेमकी देतो: नामाबरोबर क्रियापद कोणतं लागतं. नोंदीत रोमन ‘व्ही’ दिसला की पुढे ‘घे’, ‘घाल’, ‘ये’ असे धातू येतात. तो भाग वाचल्याशिवाय नोंद सोडू नये, कारण चूक अर्थाची क्वचित होते, क्रियापदाची नेहमी होते. आळ घेतात किंवा तो येतो. ठपका ठेवतात. खापर फोडतात. बोल लावतात. कुभांड रचतात. ताशेरे ओढतात. ‘ठपका फोडला’ असं कोणी म्हणत नाही, पण घाईत लिहिलेल्या मजकुरात ‘खापर ठेवलं’ सापडतं आणि कानाला खटकतं.

लिंगाची खूणही बघून घ्यावी. पुल्लिंगी आळ म्हणजे खोटा दोषारोप. स्त्रीलिंगी आळ म्हणजे लहान मुलाचा हट्ट. ‘त्याच्यावर आळ घेतला’ आणि ‘त्याने आळ घेतली’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता शोधपेटीची गंमत. ‘नावं ठेवणे’ पाहायचं म्हणून ‘नाव’ टाकलंत तर समोर होडी येते. हे कोश 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे आहेत, त्यामुळे तिथे ‘नांव’ लिहावं लागतं. क्रियापदांच्या शेवटीही अनुस्वार असतो: ठेवणें, फोडणें. तो गाळला की ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस कोशाला बोल लावतो. वाक्प्रचार शोधताना क्रियापद टाकू नये, नाम टाकावं. ‘खापर फोडणे’ हे खापराच्या पोटात मिळेल. तरीही हाती लागलं नाही तर फक्त शीर्षशब्दांत न शोधता पूर्ण मजकुरात शोधण्याचा पर्याय निवडावा. मोल्सवर्थमध्ये याच पर्यायाने उलटाही शोध घेता येतो. मात्र ‘ब्लेम’वर थांबू नका, ‘कॅलम्नी’, ‘अ‍ॅस्पर्शन’, ‘इम्प्युटेशन’ असे त्या काळचे इंग्रजी शब्द रोमन लिपीत टाकले की बालंट, तोहमत यांच्या जातकुळीतले शब्द हाती लागतात.

दाते-कर्वे मराठीतून मराठीत आहे, आणि अर्थाच्या खोलीसाठी तोच. 1932 ते 1938 या काळात सात भाग आणि 1950 मध्ये पुरवणी. कंसातलं ‘ल.’ म्हणजे लाक्षणिक, ‘वाप्र.’ म्हणजे वाक्प्रचार. ‘ज्ञा’, ‘तुगा’ ही ज्ञानेश्वरी नि तुकारामगाथेची खूण. व्युत्पत्ती चौकोनी कंसात असते. तोहमत अरबीतून आली हे तिथे कळतं, पण आज तो शब्द किती शिळा झालाय हे कळत नाही.

इथेच दोन्ही कोश लंगडे पडतात. कोण कोणाला म्हणतो आणि कधी, हे ते सांगत नाहीत. आळ या शब्दात खोटेपणा आधीच धरलेला असतो. गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला तर येतो तो चोरीचा आळ. तिथे ठपका बसत नाही. ठपका ठेवायला वरचा कोणीतरी लागतो: चौकशी समिती, वरिष्ठ, लेखापरीक्षक. नशिबाला बोल लावता येतो, नशिबावर ठपका ठेवता येत नाही. खापराला फोडण्यासाठी डोकं लागतं, म्हणून ‘च्या डोक्यावर’ किंवा ‘च्या माथी’. चूक दहा जणांची आणि डोकं एकाचं, असा त्याचा रोख. ताशेरे बहुतेक न्यायालयाचे.

सरकारी कागद लिहिणाऱ्यांनी या कोशांवर विसंबून राहूच नये. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधल्या नियम 5 मध्ये ठपका ही किरकोळ शिक्षांपैकी पहिली शिक्षा आहे. म्हणजे चौकशी चालू असताना टिपणीत ‘अमुक कर्मचाऱ्यावर ठपका ठेवण्यात आला’ असं लिहिलं, तर निकालाआधीच शिक्षा दिल्यासारखं होतं. त्या टप्प्यावर ‘खुलासा मागवला’, ‘कारणे दाखवा नोटीस दिली’ किंवा ‘दोषारोपपत्र बजावलं’ हेच बरोबर. तसंच आरोपी आणि दोषी. आरोप शाबित झाल्यावरच दोषी. बातम्यांत ही गल्लत रोजची. अशा शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश उघडावा.

गुण द्यायचेच तर क्रियापदांसाठी मोल्सवर्थला पाचपैकी साडेचार, अर्थाच्या छटांसाठी दाते-कर्वेंना चार, आजच्या वापरासाठी दोघांनाही दीड. मांडणीला दोनच: लांबलचक नोंदी सलग एका परिच्छेदात ओतलेल्या असतात, पोटशब्द वेगळ्या ओळीवर येत नाहीत. मोबाइलवर बोटाने खाली सरकवत राहाल आणि नेमका हवा तो वाक्प्रचार हुकेल. लॅपटॉपवर नोंद उघडून ब्राउझरच्या ‘पानात शोधा’मध्ये क्रियापदाचा धातू टाकावा, ‘फोड’ किंवा ‘ठेव’ एवढाच. शेवटच्या ‘णें’वरचा अनुस्वार मग आडवा येत नाही.