ख्रिस्तपुराण उपवासकाळात वाचलं: पुस्तक सोनं, बांधणी टाकाऊ

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधीच ख्रिस्तपुराणाची पाठ फाटली आणि येशूच्या दुःखसहनाची पानं, नेमकी तीच, सुटी होऊन हातात आली. साडेआठशे रुपये मोजून ऑनलाइन मागवलेली प्रत! म्हणून हे लिहितेय.

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत रचलेला हा ग्रंथ 1616 मध्ये गोव्यात छापला गेला; तो इतिहास इथे पुन्हा सांगत नाही. त्याचे दोन भाग, पहिलं आणि दुसरं पुराण. मी फक्त दुसरं धरलं, कारण येशूचं चरित्र त्यात आहे. 59 अवस्वरू (म्हणजे अध्याय), 6,666 ओव्या. उपवासकाळ भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून 40 दिवस, म्हणजे रोज साधारण 167. सुरुवातीला मनातल्या मनात वाचत होते आणि जुन्या शब्दांपाशी अडत होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ओवी आहे ती. मोठ्यानं म्हण." तिथून वाचन बदललं. तीन चरण यमकात धावतात आणि चौथा आखूड चरण थांबवतो. त्या थांब्यात अर्थ लागतो, प्रार्थनाही तिथेच होते. मग आम्ही दोघी रात्री आळीपाळीनं वाचायला लागलो.

पण दोघींनी वाचायचं तर पुस्तक टेबलावर सपाट पडायला हवं. ही प्रत नुसत्या गोंदावर. हात काढला की मिटते, दाबून धरली की तडकते. विक्रेत्याचं उत्तर, परत घ्यायची मुदत संपली. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या बाइंडरनं बघून सांगितलं, "ताई, ह्यात फर्मंच न्हाईत. सुटी पानं चिकटवल्यात. शिलाई कुठनं घालू?" (फर्मा म्हणजे दुमडून मधोमध शिवायचा पानांचा गठ्ठा.) शेवटी कडेनं भोकं पाडून दोरा घातला, 180 रुपये. आता पानं हलत नाहीत, पण आतला समास गेला. डाव्या पानावर आतल्या रकान्यातल्या ओळींची शेवटची अक्षरं वाकून शोधावी लागतात, आणि यमक तर तिथेच असतं!

पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) पहिलं पुराणही घेतलं. ते वगळलं तरी चालतं हे माझं मत आता राहिलेलं नाही. मराठीच्या कौतुकाच्या ओव्या सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्याच भागात नवख्रिस्ती माणूस पाद्रीबाबांकडे आपल्यासाठी पुराण मागतो. ते मागणं वाचलं की पुढचा सगळा ग्रंथ आपल्याला उद्देशून सांगितल्यासारखा वाटतो. पुढच्या वर्षी नाताळ झाला की पहिल्यापासून सुरू करणार.

घेणार असाल तर विक्रेत्याकडे आधी पाठीचा फोटो मागा. फर्मे आणि मधोमध दोरा दिसला तरच पैसे पाठवा. जुनी, डागाळलेली पण शिवलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. मी अजून शोधतेय.