पाच गुंठे ठोक्याने: सोळा महिन्यांनंतरचा अनुभव

यंदाच्या पाडव्याला मालकांनी ठोक्याचे, म्हणजे ठरावीक रकमेवर वर्षभर जमीन कसण्याचे, पैसे अडीच हजारांवरून चार हजार मागितले आणि कारण असे दिले की वावर आता स्वच्छ झाले आहे. ते माझ्या पैशाने आणि माझ्या हातांनी स्वच्छ झाले, हे त्यांना ठाऊक होते. वर्धा जिल्ह्यात किंवा आसपास कोणी घरच्या भाजीपाल्यासाठी असा लहान तुकडा घेणार असेल, तर त्याला माझ्या वहीतला हिशेब आधीच कळावा, म्हणून हे लिहीत आहे.

पाच गुंठे, म्हणजे ५,४४५ चौरस फूट, काळी जमीन, विहिरीपासून दोनशे फूट. मी ती चैत्रात पाहिली. नुकतीच नांगरट झाली होती, ढेकळे तापली होती आणि एका धुऱ्यापासून (बांधापासून) दुसऱ्या धुऱ्यापर्यंत गवताची काडी नव्हती. मी जागेवरच पैसे दिले. मृगाच्या पावसानंतर पंधरा दिवसांत वांग्यांच्या ओळींमधून कुंदा हे चिवट गवत वर आले. निंदायला लावलेल्या बायांनी ते खुरप्याने काढले, आठवड्यात पुन्हा तितकेच उभे राहिले. शेवटी कुदळीने खणून पाहिले तेव्हा पांढऱ्या, पेरापेराच्या काशांचे, म्हणजे जमिनीतल्या मुळांसारख्या खोडांचे, जाळे हातभर खोल गेलेले दिसले, आणि तुटून राहिलेल्या पेराला नवा कोंब फुटत होता. शेजारच्या वावरातले म्हातारे काका धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "भाऊ, कुंदा चैतात दिसत नाही, भादव्यात दिसते." हे एक वाक्य मला पाडव्याआधी कोणी सांगितले असते तर! पहिल्या वर्षी काशा वेचण्याची अकरा रोजांची मजुरी २,७५० रुपये झाली, म्हणजे ठोक्यापेक्षा अडीचशे जास्त. म्हणून माझा आग्रह आहे की तुकडा भाद्रपदात पाहावा, आणि ते शक्य नसेल तर चार ठिकाणी हातभर खणून मातीत काशा आहेत का ते पाहावे.

पहिल्या उन्हाळ्यात मात्र मी प्रत्येकाला वेगळेच सांगत होतो, की खरी अडचण पाण्याची आहे. मोटरची वीज पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते, आणि रात्री दोन वाजता सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्याला पाणी द्यायला जाणे मला जमत नव्हते. आता ते मत राहिले नाही. पाचशे लिटरची टाकी चार फूट उंच ओट्यावर ठेवली, वीज असेल तेव्हा ती भरून घेतो आणि सकाळी ठिबकला सोडतो. वाफ्यांवर सोयाबीनचे कुटार (भुसा) पसरल्यापासून भेगाही कमी पडतात. पावसाळ्यात याच जमिनीत पाणी साचून मिरची पिवळी पडली होती, यंदा गादीवाफ्यांवर ती तग धरून आहे. मात्र अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात कोणी तुकडा घेत असेल तर त्याने विहिरीचे पाणी आधी तपासून घ्यावे, कारण खारे पाणी टाकीने गोडे होत नाही.

माती सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घेतली. नमुना खत टाकण्यापूर्वी, धुरा आणि झाडाची सावली सोडून, सात-आठ जागांवरून घ्यावा. रानडुकरांसाठी जुन्या लुगड्यांचे कुंपण केले आहे, त्याने थोडाफार धाक राहतो.

कागदाचा विषय नाजूक आहे. कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर कायद्याने हक्क सांगेल, या भीतीने मालक काही लिहून देत नाहीत. विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कुळवहिवाट कायदा आहे आणि जुन्या लोकांच्या मनातून ती भीती गेलेली नाही. मला ती समजते. पण त्यामुळे सुधारलेल्या जमिनीचा ठोका दरवर्षी वाढतो आणि सुधारणा करणाऱ्याच्या हाती काही राहत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. दोन वर्षांचा भाव आणि उन्हाळ्यातल्या पाण्याचे दिवस पहिल्याच बैठकीत, दोन माणसांसमोर ठरवून घ्यावेत. मी ते केले नव्हते. शेवटी ३,२०० वर जमले, तेही वेचलेल्या काशांची आठ पोती मालकांना धुऱ्यावर दाखवल्यावर.

घरची वांगी, मेथी, चवळी आणि लसूण धरता दुसऱ्या वर्षी तुकडा परवडतो आहे, म्हणून तो सोडलेला नाही. परवा विहिरीकडच्या कोपऱ्यात पुन्हा एक कोंब दिसला. शेवटापर्यंत खणत गेलो, तेव्हा न तुटता निघालेला काशांचा तो धागा सव्वा हात भरला.