स्वमग्न आणि संगीतात रमणाऱ्या मुलासाठी हाऊस निवडताना: तीन भेटी आणि एका सत्रानंतरचा अभिप्राय

शाळा आधीच ठरली होती; प्रश्न उरला होता तो हाऊसचा. निवासी शाळेत मूल शिकते वर्गात, पण उठते, जेवते, आंघोळीच्या रांगेत उभे राहते आणि रात्री झोप येईनाशी झाली की कोणाचे तरी दार ठोठावते, ते हाऊसमध्ये. आमचा 11 वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, पियानो वाजवतो आणि कोणताही स्वर कानावर पडताच त्याचे नाव सांगतो. असा कान स्वमग्न व्यक्तींमध्ये इतरांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो, आणि त्याचे कौतुकही पुष्कळ होते. मात्र हाच मुलगा जेवणघरातला ताटवाट्यांचा खणखणाट मनाआड करू शकत नाही, हे कौतुक करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ध्वनी, प्रकाश, स्पर्श यांची अतितीव्र किंवा अतिमंद जाणीव हा स्वमग्नतेच्या निदानाचा एक निकष म्हणून ‘डीएसएम-5’ या अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत 2013 साली समाविष्ट झाला. आमच्या घरात तो निदानाच्या कितीतरी आधीपासून दिसत होता. म्हणून एकाच शाळेची तीन हाऊस आम्ही पाहिली, ती मुख्यतः कानांनी.

पहिल्या हाऊसची शिफारस सर्वांनीच केली होती, कारण शाळेतले बहुतेक वादक तिथेच राहतात. आम्हीही त्याच अपेक्षेने गेलो, आणि तिथेच आमचा अंदाज सपशेल चुकला. सरावाच्या खोल्या शयनगृहाच्या थेट खाली आहेत, भिंती पातळ आहेत, आणि संध्याकाळी एका बाजूने व्हायोलिन तर दुसऱ्या बाजूने ट्रम्पेट निरनिराळ्या पट्ट्यांमध्ये एकाच वेळी ऐकू येतात. बैठकीच्या खोलीतला पियानो तर पूर्ण एका सेमीटोनने (अर्ध्या स्वराने) उतरलेला होता, म्हणजे ‘सी’ची पट्टी दाबली की ‘बी’ ऐकू येई. इतर मुले त्यावर मजेत वाजवत होती. आमच्या मुलाने चार स्वर वाजवले, झाकण हलकेच बंद केले आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. हाऊसमास्तर हसून म्हणाले, “सवय होईल.” त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण सवय फक्त मुलानेच करायची असते, असे मानणाऱ्या घरात त्याला ठेवायचे नाही, हे आम्ही तिथेच ठरवले.

दुसरे हाऊस नवे आणि चकचकीत आहे. गुळगुळीत फरश्या आणि उंच छतामुळे तिथे एक खुर्ची सरकवली तरी आवाज बराच वेळ घुमत राहतो. “आमच्याकडे सगळी मुले सारखीच,” हे वाक्य तिथे आम्हाला तीनदा ऐकवण्यात आले.

तिसरे हाऊस लहान, जुने आणि संगीताच्या दृष्टीने अगदी सामान्य. मार्गिकेतल्या जुन्या ट्यूबलाइटखाली मुलगा थबकला आणि म्हणाला, “हा ‘जी’ आहे, पण चढलेला.” त्याचे म्हणणे बरोबर होते: 50 हर्ट्झच्या विजेवर अशा दिव्याचा चोक 100 हर्ट्झवर गुणगुणतो, आणि त्या पट्ट्यातला ‘जी’ 98 हर्ट्झचा असतो. हाऊसच्या प्रमुख बाईंनी हे हसण्यावारी नेले नाही. वही काढून त्यांनी आम्हाला नव्हे, तर त्यालाच विचारले की आणखी कोणते दिवे वाजतात. दुसऱ्या भेटीच्या वेळी तिथे एलईडी लागले होते. आगीच्या भोंग्याबद्दलचे त्यांचे उत्तरही आवडले: ठरलेल्या सरावाची सूचना आदल्या संध्याकाळी देऊ, पण खऱ्या प्रसंगाची हमी देता येणार नाही. स्वमग्न व्यक्ती आणि इतर यांच्यातला विसंवाद दोन्ही बाजूंचा असतो, असे समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडले होते. तो विचार प्रत्यक्ष वागण्यात उतरलेला आम्ही या वहीत पाहिला.

आम्ही हेच हाऊस निवडले. सरावाची जागा वेगळ्या इमारतीत असल्यामुळे पावसात भिजत जावे लागते, ही उणीवच आहे. पण रोज सकाळी 7 वाजता तीच खोली, तोच पियानो आणि तेच स्टूल त्याच्यासाठी राखीव असते, आणि बदल असेल तर तो आदल्या रात्री फळ्यावर लिहिला जातो. जेवायला तो गर्दीच्या 15 मिनिटे आधी जातो. दिवसभर वर्गात तो शहाण्यासारखा बसतो आणि त्याचा सगळा ताण संध्याकाळी बाहेर पडतो. त्या वेळी प्रश्न न विचारता कोणीतरी नुसते जवळ बसले तर तो लवकर सावरतो, आणि हे इथल्या मेट्रनना सांगावे लागले नाही.

खरी तक्रार शनिवार-रविवारची आहे. हाऊस पाहायला जाणाऱ्या पालकांनी शनिवारी रात्री ड्यूटीवर कोण असते आणि त्या व्यक्तीला मुलाबद्दल काय ठाऊक असते, हे आवर्जून विचारावे. आम्ही विचारले नाही. पहिल्या महिन्यात बदलीवर आलेल्या शिक्षकांनी त्याचे कान झाकणारे हेडफोन ‘जेवताना नकोत’ म्हणून काढून घेतले, आणि ती रात्र सर्वांनाच जड गेली. आता त्याची माहिती लिहिलेला कागद ड्यूटीच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला लावलेला आहे. शनिवारी लवकर जेवण्याची सोय मात्र अजूनही कधी पाळली जाते, कधी नाही.